जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओंतील कंडेन्सर

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावर किंवा कपाटाच्या माथ्यावर एखादा जुना लांकडी रेडिओ कापड पांघरून बसलेला असेल. दिवाळीच्या साफसफाईंत तो खालीं उतरतो. त्याची धूळ पुसली जाते, त्याच्या कांचेवरील गांवांचीं नांवें मोठ्यानें वाचलीं जातात, आणि मग घरांतील कोणी तरी म्हणतें, "चालतो का पाहूं या." लगेच त्याचा प्लग भिंतींतील सॉकेटांत जातो. प्रस्तुत लेख त्या एका क्षणाविषयीं आहे. तो क्षण येण्यापूर्वीं काय करावें, आणि तें न केल्यास काय होतें, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम माझीच चूक सांगतों. मी महाविद्यालयांत शिकत असतां माझ्या मामांच्या घरीं पांच व्हॉल्व्हांचा एक सुंदर संच होता. तो पंचवीस वर्षें मुका होता. मामा बाहेर गेले असतां, आपलें ज्ञान मंडळींस दाखवावें या हौसेनें मीं तो सुरू केला. व्हॉल्व्ह एकामागून एक लालसर उजळले. स्पीकरांतून घोंघावणारा आवाज आला, आणि त्याच्या आडून एक दूरचें गाणेंही ऐकूं आलें. घरांतील सारीं माणसें भोंवतीं जमलीं. मला मोठी धन्यता वाटली. दहा मिनिटांनीं मात्र एका व्हॉल्व्हच्या आंतील प्लेट निखाऱ्यासारखी तांबडी झाली, जळक्या डांबराचा वास सुटला, आणि गाणें थांबलें. स्पीकरास वीज पुरविणारा ट्रान्स्फॉर्मर जळाला होता. तसा ट्रान्स्फॉर्मर पुढें कोठें मिळाला नाहीं, आणि तो रेडिओ अखेर भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. मामा मला एक शब्दही बोलले नाहींत. तें मला अधिक लागलें. ज्या वस्तूमुळें हा अनर्थ झाला तिची किंमत एका वेळच्या चहाइतकीही नव्हती. ती वस्तु म्हणजे एक कंडेन्सर.

ही गोष्ट मी विसरलों नव्हतों. म्हणून गेल्या वर्षीं नववींतील एक विद्यार्थी आपल्या घरचा रेडिओ विज्ञान-प्रदर्शनासाठीं घेऊन आला तेव्हां मीं प्रथम त्याची वायर गुंडाळून कपाटांत ठेवली. हा संच त्याच्या आजीच्या वडिलांनीं १९५० च्या सुमारास घेतलेला. त्याच्या वडिलांचें मत तो रद्दींत काढावा असें होतें; आजीस तें मान्य नव्हतें. तिनें नातवाबरोबर एवढाच निरोप धाडला होता, "मुका राहिला तरी चालेल, पण जाळूं नका." हा निरोप आमच्या विज्ञान-मंडळानें फळ्यावर लिहून ठेवला, आणि तोच आमचा पहिला नियम झाला.

कंडेन्सर म्हणजे काय?

धातूचे दोन पत्रे एकमेकांजवळ ठेवावे व त्यांच्यामध्यें वीज वाहूं न देणारा पदार्थ, म्हणजे दुर्वाहक, घालावा, कीं कंडेन्सर तयार झाला. पाठ्यपुस्तकांत यास धारित्र म्हणतात. परंतु दुकानांत व दुरुस्तीच्या टेबलावर कंडेन्सर हेंच नांव चालतें, आणि घरचा छताचा पंखा फिरेनासा झाला कीं वायरमनही हाच शब्द उच्चारतो. या युक्तीचा शोध युरोपांत १७४५-४६ सालीं लागला. पोमेरेनियांत फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडांतील लायडन येथें म्यूशेनब्रुक या दोघांनीं, एकमेकांस न विचारतां, कांचेच्या बरणींत वीज सांठवून ठेवतां येते असें दाखविलें. त्या गांवावरून त्या बरणीस लायडन-जार हें नांव पडलें. कंडेन्सरची क्षमता मोजण्याच्या मापास मायकेल फॅरडे (१७९१–१८६७) यांच्या स्मरणार्थ फॅरड म्हणतात. हें माप व्यवहारास फार मोठें पडतें, म्हणून त्याचा दशलक्षांश, म्हणजे मायक्रोफॅरड, वापरण्याचा प्रघात आहे.

कंडेन्सरचे दोन गुण ध्यानांत ठेवले म्हणजे पुढील सर्व भाग सोपा होतो. पहिला गुण सांठवणीचा. ज्या गांवीं नळास पाणी थांबून थांबून येतें तेथें आपण घरांत रांजण भरून ठेवतों; पाणी येवो वा न येवो, रांजणांतून आपणांस सारखें पाणी मिळतें. कंडेन्सरही असाच विजेचा रांजण आहे. दुसरा गुण निवडीचा. एखाद्या नळाच्या मध्यभागीं रबराचा पडदा घट्ट ताणून बसविला, तर त्यांतून पाण्याचा एक थेंबही पलीकडे जाणार नाहीं; परंतु एका बाजूचें पाणी पुढें-मागें हालविलें तर पडदा लवेल आणि पलीकडचें पाणीही तसेंच हालेल. कंडेन्सर एकाच दिशेनें वाहणारी वीज अडवितो, आणि मागें-पुढें होणारी वीज पलीकडे पोहोंचवितो. गाण्याचा व बोलण्याचा आवाज रेडिओंत अशाच मागें-पुढें होणाऱ्या विजेच्या रूपानें फिरत असतो.

रेडिओंत त्याचें काम

मुंबईचें आकाशवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि १९३६ सालीं देशांतील या सेवेस ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. त्या काळीं रेडिओ ठेवण्यास परवाना लागत असे, व घरांतील तो एक प्रतिष्ठित पाहुणाच होता. त्याचा आत्मा म्हणजे कांचेचा व्हॉल्व्ह. फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ सालीं ली डी फॉरेस्ट यांनीं त्यांत तारेची एक जाळी, म्हणजे ग्रिड, घातली. या जाळीवर विजेचा किंचित् फरक झाला कीं प्लेटकडे जाणाऱ्या प्रवाहांत मोठा फरक पडतो. दुबळा आवाज सबळ होतो तो याच युक्तीनें. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत घरगुती रेडिओंतून व्हॉल्व्ह मागें पडला.

व्हॉल्व्हास दोनशें ते तीनशें व्होल्टांची, एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. आपल्या घरची वीज मात्र २३० व्होल्टांची व सेकंदास ५० वेळां मागें-पुढें होणारी असते. संचांतील ट्रान्स्फॉर्मर तिचा दाब वाढवितो, आणि रेक्टिफायर नांवाचा व्हॉल्व्ह तिला एका दिशेस वळवितो. परंतु ती सारखी वाहत नाहीं. सेकंदास १०० वेळां उसळत येते. त्या उसळ्या सपाट करणारे रांजण म्हणजे संचांतील मोठे कंडेन्सर. ते निकामी झाले म्हणजे त्या उसळ्या स्पीकरापर्यंत पोहोंचतात, आणि भुंग्यासारखा घोंघाट ऐकूं येतो. याखेरीज दहा-बारा लहान कंडेन्सर एका व्हॉल्व्हचा आवाज दुसऱ्याकडे पोहोंचविण्याचें, व नको ती वीज बाजूस काढण्याचें काम करतात.

तो कां बिघडतो?

त्या काळचे लहान कंडेन्सर कागदाचे असत. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्यें कागद, अशी गुंडाळी करून ती मेणांत भिजवीत आणि पुठ्ठ्याच्या नळींत घालून दोन्ही टोकें मेणानें किंवा डांबरानें बंद करीत. नवा असतांना हा माल चांगला असे. परंतु कागद हा हवेंतील ओलावा ओढून घेणारा पदार्थ आहे. संच चालू असतां आंतील उष्णतेनें मेण मऊ होतें, पुढें त्यास भेगा पडतात, आणि त्या भेगांतून दरवर्षींचा पावसाळा आंत शिरतो. कोंकणपट्टींत तर चार महिने भिंतींसही घाम फुटतो. तेथें पुठ्ठ्याच्या नळीचा काय पाड? अशा कागदांतून वीज थोडी थोडी पाझरूं लागते. यास गळती म्हणावें.

मोठे कंडेन्सर निराळ्या जातीचे असतात. त्यांत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर रासायनिक क्रियेनें चढविलेला ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर हाच दुर्वाहक असतो, आणि दुसरा ध्रुव म्हणून एक ओलसर रसायन भरलेलें असतें. वर्षांनुवर्षें पडून राहिल्यानें रसायन सुकतें, व वीज न मिळाल्यानें ऑक्साइडचा थर विरतो. अशा कंडेन्सरास एकदम पूर्ण दाब दिला तर तो तापतो, फुटतो, किंवा त्याच्यांतून मोठा प्रवाह वाहून रेक्टिफायर व ट्रान्स्फॉर्मर या दोघांचा बळी जातो.

येथें एक गोष्ट सांगणें उचित होईल. रेडिओ बंद पडला कीं सर्वांची दृष्टि प्रथम व्हॉल्व्हाकडे जाते. कारण तो दिसतो, उजळतो, आणि त्याची किंमत मोठी असते. वास्तविक कित्येक व्हॉल्व्ह साठ-सत्तर वर्षांनंतरही उत्तम चालतात. दोष बहुधा पत्र्याच्या खालीं, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या कागदी नळींत असतो. अभ्रकाचे चपटे कंडेन्सर मात्र बहुतेक वेळां शाबूत असतात. कारणावांचून त्यांस हात लावूं नये.

गळतीचें गणित

सर्व कंडेन्सरांत एकाची जागा फार नाजूक असते. आवाज वाढविणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालविणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर आवाज नेणारा कंडेन्सर तो हा. याच्या एका बाजूस सुमारें १५० व्होल्ट असतात, व दुसऱ्या बाजूस ग्रिड असते. तो धड असतां हे १५० व्होल्ट पलीकडे जात नाहींत. केवळ आवाज जातो.

आमच्या संचांत शेवटचा व्हॉल्व्ह ६व्ही६ या जातीचा होता. प्लेटवर २५० व्होल्ट असतां त्याच्या ग्रिडवर, कॅथोडच्या मानानें, उणे १२.५ व्होल्ट असावे लागतात. तेव्हां त्यांतून सुमारें ४५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ग्रिडपासून चॅसिस म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत अर्ध्या मेगओमचा एक रोधक, ज्यास बाजारांत रेझिस्टर म्हणतात, जोडलेला असतो. आतां समजा, कंडेन्सर गळका होऊन त्याचा रोध केवळ १० मेगओम उरला. मग १५० व्होल्टांची वाटणी १० आणि अर्धा या प्रमाणांत होईल. अर्ध्या मेगओमच्या वांट्यास १५० × ०.५ ÷ १०.५, म्हणजे सुमारें ७ व्होल्ट येतील. हे अधिक ७ व्होल्ट ग्रिडवर जाऊन बसले कीं उणे साडेबारांपैकीं साडेपांचच उरतात. कॅथोडखालील रोधकामुळें कांहीं अंशीं सावरलें जातें. परंतु तें पुरें पडत नाहीं. ग्रिडचा लगाम सुटतो, व्हॉल्व्हांतून वाजवीपेक्षां पुष्कळ अधिक प्रवाह वाहतो, प्लेट तांबडी होते, आणि त्याच प्रवाहाच्या वाटेंत असलेला स्पीकरचा ट्रान्स्फॉर्मर जळतो. मामांच्या घरीं जें घडलें त्याचें संपूर्ण गणित हें एवढेंच आहे. मजा अशी कीं त्या दहा मिनिटांत रेडिओ गात असतो. चालतो म्हणजे निर्दोष आहे, असें मानणें हीच मुख्य चूक होय.

काम कसें केलें?

आतां आमच्या मंडळानें कोणत्या क्रमानें काम केलें तें सांगतों. आरंभींच बजावून ठेवतों, कीं हें काम जाणत्या मोठ्या माणसाच्या समक्ष करावयाचें आहे. विद्यार्थ्यानें एकट्यानें तें कदापि करूं नये. जेथें वीज चालू ठेवून मापें घ्यावयाचीं होतीं तेथें मीं स्वतः घेतलीं, आणि मुलें हात मागें बांधून पाहत होतीं.

पहिली पायरी संच ओळखण्याची. कांहीं जुन्या संचांत ट्रान्स्फॉर्मर नसतो. एकदिश व उलटसुलट अशा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालावे म्हणून ते केलेले असत, आणि त्यांचा पत्र्याचा सांगाडा थेट घरच्या विजेच्या एका तारेस जोडलेला असतो. असा सांगाडा बोटांस लागला तर प्राणावर बेतेल. तसल्या संचास शाळेच्या टेबलावर जागा नाहीं. आमचा संच ट्रान्स्फॉर्मरचा होता, हें आम्हीं उघडून पाहून निश्चित केलें.

दुसरी पायरी सांठलेली वीज काढून टाकण्याची. प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर भरलेले असूं शकतात. आमच्या संचांत ते दोन मिळून ३२ मायक्रोफॅरड होते. ३०० व्होल्टांस त्यांतील ऊर्जा ½ × ०.००००३२ × ३०० × ३००, म्हणजे १.४४ जूल होते. एक किलोग्रॅमचें वजन जमिनीपासून सुमारें १५ सेंटिमीटर उचलण्यास इतकी ऊर्जा लागते. ती एका क्षणांत शरीरांतून जाऊं देणें शहाणपणाचें नव्हे. पेंचकसानें दोन टोकें जोडून ठिणगी पाडण्याची कित्येकांस संवय असते, तीही वाईट. १० किलोओमचा जाड रोधक लांब दुर्वाहक मुठीच्या तारांनीं जोडून दहा सेकंद धरावा, आणि नंतर मीटर लावून दाब शून्य झाल्याची खात्री करावी. हा विधि दर वेळीं, न कंटाळतां, करावयाचा.

तिसरी पायरी नकाशाची. प्रत्येक कंडेन्सर कोठून कोठें जातो, त्यावर कोणता आंकडा आहे, हें मुलांनीं वहींत काढून घेतलें व छायाचित्रेंही घेतलीं. येथें एक मौज झाली. कागदी नळीच्या एका टोकास काळा पट्टा होता. तो ऋण ध्रुव असावा असें एका मुलानें ठामपणें सांगितलें. तसें नाहीं. वर्खाची कोणती पट्टी बाहेरच्या अंगास आहे एवढेंच तो पट्टा दाखवितो. कागदी कंडेन्सरास धन-ऋण असा भेद नसतो. मोठ्या रसायनाच्या कंडेन्सरास मात्र तो असतो, आणि तेथें उलट जोडणी झाली तर तो तापून फुटतो.

चौथी पायरी नवीन माल निवडण्याची. कागदाच्या जागीं आज प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचे कंडेन्सर मिळतात. ते ओलावा ओढीत नाहींत. आम्हीं ६३० व्होल्टांचे घेतले. जुन्या ०.०५ च्या जागीं ०.०४७, व ०.०२ च्या जागीं ०.०२२ असे आंकडे बाजारांत येतात; एवढ्या फरकानें कांहीं बिघडत नाहीं. १६ मायक्रोफॅरडच्या जागीं २२ चा, ४५० व्होल्टांचा घेतला. "सर, ४७ चा घेतला तर घोंघाट आणखी कमी होईल ना?" असा प्रश्न एकानें केला. प्रश्न चांगला होता. परंतु रेक्टिफायरच्या लगत असलेला रांजण फार मोठा केला, तर तो भरतांना प्रत्येक उसळीस व्हॉल्व्हावर मोठा ताण पडतो व त्याचें आयुष्य घटतें. मूळ मापाच्या जवळपास राहावें हेंच बरें. घरच्या विजेच्या तारेपासून सांगाड्याकडे जाणारा जो कंडेन्सर असतो त्यासाठीं वाय वर्गाचा, आणि दोन तारांच्या दरम्यान असल्यास एक्स वर्गाचा, खास सुरक्षित मालच घ्यावा. कारण तेथील गळतीनें सर्व सांगाड्यांतच वीज उतरते.

पांचवी पायरी प्रत्यक्ष बदलण्याची. नियम असा, कीं एक काढावा, एक लावावा, वहीशीं ताडून पाहावें, आणि मगच दुसऱ्यास हात घालावा. सर्व एकदम कापून काढले तर पुढें अंधारांत चांचपडावें लागतें. या नियमाचा लाभ आम्हांस चौथ्याच कंडेन्सरला झाला. एका मुलानें तार शेजारच्या टोकास जोडली होती, ती ताडून पाहतांना लगेच सांपडली. मोठ्या कंडेन्सरांचें ऋण टोक सांगाड्यासच जोडलेलें असतें असें गृहीत धरूं नये. कांहीं संचांत तें मध्यें एक रोधक घालून वेगळें ठेवलेलें असतें. जसें होतें तसेंच जोडावें. आणखी एक चूक पुष्कळ ठिकाणीं आढळते: जुना डबा तसाच जोडलेला ठेवून त्यास समांतर नवा कंडेन्सर लावतात. त्यानें घोंघाट थांबतो; पण जुन्याची गळती तशीच चालू राहते. आम्हीं जुना डबा शोभेसाठीं वर तसाच ठेवला, मात्र त्याच्या तारा सोडविल्या.

आजीचा रेडिओ आंतूनही पूर्वीसारखा दिसावा, अशी मुलांची इच्छा होती. म्हणून पुठ्ठ्याच्या जुन्या नळ्या मीं हलक्या उष्णतेनें मोकळ्या केल्या, आंतील गुंडाळी काढली, आणि त्यांच्या पोटांत नवे कंडेन्सर बसवून टोकें मेणानें बंद केलीं. कांहीं जुन्या मेणांत अपायकारक रसायनें असत. यासाठीं खिडक्या उघड्या ठेवाव्या, स्वयंपाकघरांतील भांडें वापरूं नये, आणि काम संपल्यावर हात साबणानें धुवावे. सोल्डरमधील शिशासाठींही हें अवश्य आहे.

वीज देण्याचा दिवस

कंडेन्सर बदलून झाले तरी आम्हीं प्लग सरळ भिंतींत घातला नाहीं. विजेच्या वाटेंत ६० वॉटचा, तारेचा जुन्या पद्धतीचा दिवा घातला. वायरमन यास सीरीज बोर्ड म्हणतात. एलईडीचा दिवा या कामीं येत नाहीं. संचांत कोठें दोष असेल तर हा दिवा लख्ख पेटून राहतो, आणि संचास जाणारा प्रवाह आंवरून धरतो. दोष नसेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. प्रथम रेक्टिफायर काढून ठेवून ट्रान्स्फॉर्मर तपासला. मग तो बसवून पुन्हां वीज दिली. दिवा उजळला, आणि हळूहळू मंद झाला. वर्गांत कोणी श्वासही घेत नव्हतें. नंतर दिवा काढून, संचास पूर्ण वीज देऊन, शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर मीं मीटर लावला. सांगाड्याच्या मानानें तेथें अधिक दाब मुळींच नव्हता. लगाम जागेवर होता.

मग जुना, काढलेला कंडेन्सर मुलांस दाखविण्यासाठीं तपासला. मीटरच्या ओमच्या पट्टीवर तो निर्दोष ठरला. वीस मेगओमपर्यंत मोजणाऱ्या त्या पट्टीस त्यांत गळती दिसेना. मुलें म्हणालीं, "मग उगाच बदलला!" परंतु मीटरची पट्टी अवघ्या कांहीं व्होल्टांनीं तपासते, आणि त्या कंडेन्सरास आयुष्य काढावयाचें असतें दीडशें-दोनशें व्होल्टांखालीं. मीं त्याचें एक टोक २५० व्होल्टांस जोडलें, व दुसऱ्या टोकास मीटर लावला. या मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओम. आंकडा आला १२५, म्हणजे बरोबर निम्मा. अर्धा दाब मीटरवर, तर उरलेला अर्धा कंडेन्सरावर. म्हणून कंडेन्सरचा रोधही १० मेगओमच. वर केलेलें गणित त्याच आंकड्यावर बेतलेलें आहे. आजीच्या घरीं कोणी दिवाळींत प्लग घातला असता, तर मामांच्या रेडिओची गत याचीही झाली असती.

नवीन तेरा कंडेन्सरांस मिळून चित्रपटाच्या दोन तिकिटांइतकाही खर्च आला नाहीं. वेळ मात्र सहा शनिवार लागला.

प्रदर्शनाच्या दिवशीं आजी आल्या. नातवानेंच बटण फिरविलें. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट कांहींच ऐकूं आलें नाहीं, आणि त्याचा चेहरा उतरला. आजी शांतपणें म्हणाल्या, "थांब जरा, हा पूर्वींही असाच उशिरां बोलायचा." मग आवाज आला, घोंघाटावांचून, भरदार. त्यांनीं खुर्ची जवळ ओढली, आणि बातम्या संपेपर्यंत त्या उठल्या नाहींत. पुढें मुलाच्या वडिलांनीं मला एकीकडे विचारलें, "सर, हा आतां रोज लावला तर चालेल ना?" मीं त्यांस सांगितलें, कीं आठवड्यांतून एक-दोनदां तरी अवश्य लावावा, कंडेन्सरास पडून राहण्याइतकें दुसरें कांहीं बाधत नाहीं.

पालकांस अखेरची विनंति एवढीच, कीं घरीं जुना संच असेल तर तो भंगारांत देण्याची घाई करूं नये, आणि चालतो का हें पाहण्याचीही घाई करूं नये. वायर गुंडाळून ठेवावी. एखाद्या जाणकाराकडून आंतील कंडेन्सर बदलून घ्यावे, आणि मगच त्यास वीज द्यावी. विद्यार्थ्यांनीं यांतून घेण्यासारखें असें, कीं यंत्र बोलूं लागलें म्हणजे तें बरें झालें असें नव्हे. ज्या भागाकडे कोणी पाहत नाहीं तो आधीं पाहावा, आणि मोजल्यावांचून निर्णय करूं नये. ही शिस्त मीं दहा मिनिटांच्या हौसेपायीं मोडली होती. तुम्ही ती मोडूं नका.